डीएआरचे सभासदत्व कसे मिळवावे : अठराव्या शतकापर्यंत पोहोचणारी कागदांची साखळी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या पुढच्या पिढीचे विवाह आता तिथल्या जुन्या घराण्यांतही होऊ लागले आहेत. अशा घरातील मुलीच्या आईची माणसे अडीचशे वर्षांपूर्वी व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया किंवा कनेटिकटमध्ये नांदत असतील, तर ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणाऱ्यांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेचे सभासदत्व तिला मिळण्याची बरीच शक्यता असते. आईने ही गोष्ट कधी मनावर घेतलेली नसते आणि वडिलांना तिचा पत्ताच नसतो. हा लेख अशा मुलींसाठी, अमेरिकन सुनांसाठी आणि घरातल्या ज्या कोणाच्या अंगावर कागदपत्रे गोळा करण्याचे काम पडेल त्याच्यासाठी लिहिला आहे.

संस्थेला सगळे आद्याक्षरांनी डीएआर म्हणतात. तिची स्थापना ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाली. आदल्याच वर्षी निघालेल्या ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ने स्त्रियांना सभासद करून घेण्यास नकार दिला, तेव्हा मेरी डेशा, मेरी लॉकवुड, एलन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन या चौघींनी स्वतंत्र संस्था काढली आणि राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन पहिल्या अध्यक्ष झाल्या. ऐतिहासिक वारशाचे जतन, शिक्षण आणि देशभक्ती ही तिची तीन घोषित उद्दिष्टे आहेत. आज तिचे सुमारे १ लाख ९० हजार सभासद आणि जवळपास ३,००० शाखा आहेत. तेरा आरे असलेले सूत कातण्याचे चाक हे तिचे बोधचिन्ह आहे. मराठी माणसाला ते पाहून चरखा आठवल्यावाचून राहत नाही, पण ते आरे मूळच्या तेरा वसाहतींचे आहेत.

पात्रता : कोण बसते, कोण बसत नाही

अर्जदार स्त्री असावी, तिचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या एखाद्या व्यक्तीपासून ती थेट रक्ताच्या वंशात असल्याचे तिला सिद्ध करता यावे, एवढाच मूळ नियम आहे. वंश, धर्म किंवा वर्ण यांची अट नाही. वडील कोकणस्थ आणि आई ओहायोची असली तरी चालते, कारण एका पूर्वजापर्यंत एक धागा पोहोचला की पुरे. तो धागा आईकडून, तिच्या वडिलांकडून, त्यांच्या आजीकडून असा कोठूनही गेला तरी हरकत नाही. लग्नाने जोडलेले नाते मात्र उपयोगी पडत नाही. मराठी स्त्रीचा नवरा जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यातील अधिकाऱ्याचा वंशज असला, तरी तिला सभासद होता येत नाही. तिच्या मुलीला होता येते. दत्तक गेलेल्या मुलीचा दावा जन्मदात्या आईवडिलांच्या वंशावरून ठरतो, दत्तक घराण्यावरून नाही.

पूर्वजाने केलेली सेवा कोणती असावी, याविषयी बहुतेकांची समजूत फार संकुचित असते. लोक बंदूकधारी सैनिक शोधत बसतात आणि तो सापडला नाही की प्रकरण सोडून देतात. वास्तविक लष्करी सेवा हा तीन प्रकारांपैकी एक आहे. तिचा काळ १९ एप्रिल १७७५ रोजी झालेल्या लेक्सिंग्टनच्या चकमकीपासून २६ नोव्हेंबर १७८३ पर्यंत धरतात. दुसरा प्रकार नागरी सेवेचा आहे. क्रांतिकारी राजवटीखाली गावाचा कारकून, कॉन्स्टेबल, न्यायाधीश, ज्युरी, इतकेच काय, गावच्या रस्त्यांचा देखरेखदार म्हणून काम केलेला माणूसही त्यात बसतो. तिसरा प्रकार देशभक्तिपर सेवेचा. त्यात निष्ठेची शपथ घेणारे, युद्धकाळातील सुरक्षा समित्यांचे सभासद, जखमींची शुश्रूषा करणारे, स्वतःऐवजी बदली सैनिक देणारे, युद्धासाठीचा पुरवठा-कर भरणारे आणि सैन्याला धान्य, गुरे, घोडे वा चारा पुरवणारे असे सारे येतात. पुरवठ्याचे पैसे घेतलेले असले तरी चालते. १६ डिसेंबर १७७३ च्या बोस्टन टी पार्टीत, म्हणजे ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहा समुद्रात फेकण्याच्या आंदोलनात, सामील झालेलेही या यादीत आहेत. स्वतःच्या नावाने पुरवठा केलेली विधवा शेतकरीण पूर्वज म्हणून मान्य होते. असे पूर्वज संख्येने पुष्कळ आहेत आणि त्यांचे कागदही बरे टिकले आहेत, म्हणून शोधाची दिशा पहिल्यापासून रुंद ठेवावी.

एक अट मात्र कडक आहे. निष्ठा अढळ असावी लागते. आधी क्रांतीच्या बाजूने लढून नंतर ब्रिटिशांना जाऊन मिळालेला माणूस चालत नाही. उलट फ्रेंच आणि स्पॅनिश सैनिक-खलाशी चालतात, कारण ते याच युद्धात अमेरिकेच्या बाजूने उतरले होते. नेमक्या याच वर्षांत मराठेही इंग्रजांशी लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये त्यांनी वडगावला इंग्रजांना तह करायला लावला आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पण महादजी शिंद्यांच्या फौजेतला पूर्वज डीएआरच्या हिशेबात बसत नाही, याची वाचकांनी खंत बाळगू नये.

निर्णय घेण्यापूर्वी

सभासदत्व म्हणजे भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र एवढाच ज्यांचा हेतू आहे, त्यांनी आधी आपल्या गावच्या शाखेच्या एक-दोन बैठकांना पाहुणे म्हणून जाऊन यावे. शाखांची कामे ठरलेली असतात. जुन्या दफनभूमींची देखभाल, पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी इतिहास निबंध स्पर्धा, शिष्यवृत्त्या, माजी सैनिकांसाठी मदत, १७ ते २३ सप्टेंबरचा संविधान सप्ताह, आणि नव्या नागरिकांच्या शपथविधीला हजेरी. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या अनेक मराठी लोकांच्या हातात शपथेच्या दिवशी छोटा झेंडा देणारी वयस्क बाई याच संस्थेची असते. ज्या समारंभात बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते, त्याच समारंभात झेंडे वाटायला मुलगी उभी राहू शकते, हे मला या संस्थेतले सर्वांत रोचक वळण वाटते.

संस्थेचा इतिहास स्वच्छ नाही, हेही माहीत असावे. १९३९ मध्ये कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना संस्थेच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाण्यास नकार देण्यात आला. त्याच्या निषेधार्थ तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि ९ एप्रिल १९३९ रोजी अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर हजारोंच्या समुदायापुढे गायल्या. पहिली ज्ञात कृष्णवर्णीय सभासद, डेट्रॉइटच्या कॅरन बॅचलर, १९७७ मध्ये दाखल झाली. त्यानंतर संस्थेने कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी क्रांतिसैनिकांच्या नावांचे मोठे संशोधन करून २००८ मध्ये ते प्रसिद्ध केले. मिश्र वंशाच्या मुलीला आपल्याकडे कोण कशा नजरेने पाहील, ही शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संस्थेच्या संकेतस्थळावर मिळत नाही, शाखेच्या बैठकीतच मिळते. एक शाखा रुचली नाही तर दुसरी पाहावी. राहत्या गावचीच शाखा घेतली पाहिजे असे बंधन नाही.

या भेटीचा दुसरा फायदा अधिक व्यावहारिक आहे. प्रत्येक शाखेत रजिस्ट्रार नावाची पदाधिकारी असते आणि अर्जदारांची वंशावळ जुळवून देणे हेच तिचे काम असते. ती मोबदला घेत नाही आणि बहुधा या कामात मुरलेली असते. वंशावळ स्वतः पूर्ण करून मगच शाखेकडे जाण्याचा शिष्टाचार अनेक मराठी घरे पाळतात. तो येथे गैरलागू आहे. तीन पिढ्यांची माहिती हाती आली की तिच्याशी संपर्क साधावा.

पहिली पायरी : स्वतःपासून मागे

काम पूर्वजापासून खाली आणायचे नसते, स्वतःपासून मागे न्यायचे असते. ‘आमचे पूर्वज यॉर्कटाउनला लढले होते’ अशी दंतकथा घरात असेल तर ती टिपून ठेवावी आणि बाजूला ठेवावी. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा ज्याने शोधला आहे, त्याला या कामाची जात लगेच ओळखू येईल. प्रत्येक पिढी तिच्या आधीच्या पिढीला कागदाने बांधलेली असावी लागते आणि मधला एक दुवा निखळला तर त्यामागचे सारे निरुपयोगी ठरते. फरक एवढाच, की तेथे वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मांडता येते. येथे अर्जदाराच्या शपथेने काहीच सिद्ध होत नाही.

पहिल्या तीन पिढ्यांसाठी, म्हणजे अर्जदार, आईवडील आणि ज्या बाजूने वंश जातो तिकडचे आजी-आजोबा यांच्यासाठी, जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे सरकारी दाखले मिळवावेत. जन्माच्या दाखल्याची विस्तृत प्रत मागावी. अनेक राज्ये मागणी केल्यावर छोटी, संगणकीय प्रत देतात आणि तिच्यावर आईवडिलांची नावे नसतात. ती येथे फुकट जाते. आजीच्या दाखल्यासाठी अर्ज करताना आपण तिची नात आहोत हे दाखवणारे कागदही बहुतेक राज्यांत जोडावे लागतात, म्हणून आजी हयात असेल तर तिच्याकडूनच अर्ज करवून घेणे सोपे पडते.

मराठी घरांत या टप्प्यावर नावांचा घोटाळा निघतो. मुलीच्या अमेरिकन दाखल्यावर वडिलांचे पूर्ण नाव आहे, पासपोर्टवर आडनाव आणि मधले नाव उलटसुलट झाले आहे, आणि पुण्यातल्या विवाह नोंदणीत तिसरेच स्पेलिंग आहे, असे सर्रास असते. वंश आईकडून जात असला, तरी अर्जात वडिलांविषयी आणि विवाहाविषयी जे जे लिहिले जाईल त्याला आधार लागतो. अर्जातील प्रत्येक तारीख आणि ठिकाण कागदावर दाखवता आले पाहिजे. म्हणून कोणते नाव कोणत्या कागदावर कसे आहे, याचे एक साधे टिपण करून रजिस्ट्रारच्या हाती द्यावे. महाराष्ट्रातील जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि आईवडिलांची नावे असतात, हेही तिला सांगावे लागते. मराठीतील कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे. मुलीचा जन्म भारतात झाला असेल तर महापालिकेच्या दाखल्याबरोबर अमेरिकी वकिलातीने दिलेला परदेशातील जन्माचा अहवाल ठेवावा.

दुसरी पायरी : कोणी आधी वाट पाडली आहे का

स्वतःची तीन-चार पिढ्यांची साखळी हाती आली की डीएआरच्या संकेतस्थळावरील वंशसंशोधन प्रणाली उघडावी. ती सर्वांना मोफत आहे. तीत आजवर मान्य झालेल्या पूर्वजांची सूची असून प्रत्येकाला ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. नोंदीत पूर्वजाचे जन्म-मृत्यू, पत्नी, राहण्याचे ठिकाण आणि सेवा दिलेली असते; शिवाय त्याच्या कोणत्या अपत्याच्या वंशातून कोणती सभासद आली आहे, हेही दिसते. वंशजांच्या नावानेही शोध घेता येतो आणि माझ्या मते तोच मार्ग पहिल्यांदा वापरावा. आपल्या खापरपणजोबांचे नाव दुसऱ्या कोणाच्या मंजूर अर्जात सापडले, तर मागच्या चार-पाच पिढ्यांचे काम एका दिवसात संपू शकते.

तसे सापडल्यास त्या मंजूर अर्जाची प्रत संस्थेकडून अल्प शुल्क भरून घेता येते. एकाच पूर्वजाचे अनेक अर्ज दिसत असतील तर आपला वंश ज्या अपत्यातून येतो त्याच अपत्यातून गेलेला आणि त्यातला शक्य तितका अलीकडचा अर्ज मागवावा. विसाव्या शतकाच्या आरंभीचे अर्ज फारसे पुरावे न मागता मंजूर होत आणि आजच्या कसोटीला ते पुरे पडत नाहीत. काही नोंदींवर लाल अक्षरांत सूचना असते की यापुढील अर्जदारांनी सेवा नव्याने सिद्ध करावी, किंवा आधीच्या एखाद्या अर्जात चूक आढळली आहे. ती सूचना वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ झाल्याचा तो बहुधा इशारा असतो.

आई, आजी, मावशी किंवा बहीण अलीकडे सभासद झाली असेल, तर तिच्या अर्जाच्या आधारे छोटा अर्ज भरता येतो का, हे रजिस्ट्रारला आधी विचारावे. म्हणून घरातल्या जुन्या पेट्यांमध्ये चरख्याचे चिन्ह असलेली पिन कोणाची आहे, याची चौकशी करण्यात लाज वाटून घेऊ नये.

तिसरी पायरी : अंधारा पट्टा

वाट आधी पडलेली नसेल, तर दशवार्षिक जनगणनेच्या आधाराने मागे जावे. जनगणनेची पाने ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतची उपलब्ध आहेत. १९०० च्या पानावर प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली आणि आईला किती मुले झाली, हे लिहिलेले असते. १८८० च्या पानावर कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते पहिल्यांदा नोंदले गेले. १८९० ची जनगणना मात्र जवळपास नाहीशी झाली आहे, कारण जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीला लागलेल्या आगीत आणि पाण्यात तिची पाने गेली. म्हणून १८८० ते १९०० ही वीस वर्षे राज्यांच्या जनगणना, शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रांतील मृत्यूवार्ता यांनी भरून काढावी लागतात. १८५० ते १८७० या काळात घरातील प्रत्येकाचे नाव मिळते, पण नाते मिळत नाही. १८५० च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, आणि बाकीच्यांचे वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे.

राज्यांची नोंदपद्धतीही एकसारखी नाही. न्यू इंग्लंडच्या गावांत सतराव्या शतकापासून जन्म-विवाहांच्या नोंदी आहेत. ओहायोत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) न्यायालयात १८६७ पासून जन्म-मृत्यू नोंदले जात आणि राज्यस्तरावरील नोंदणी १९०८ च्या अखेरीस सुरू झाली. पेनसिल्व्हेनियात ती १९०६ मध्ये आली, साउथ कॅरोलायनात १९१५ मध्ये. व्हर्जिनियाने १८५३ ते १८९६ नोंदणी केली, मग सोडली आणि १९१२ मध्ये पुन्हा धरली. पूर्वज ज्या राज्यात होता त्या राज्याचा हा इतिहास आधी समजून घेतला, तर नसलेला दाखला मागण्यात महिने जात नाहीत.

खरी कसोटी १७९० ते १८५० या पट्ट्यात लागते आणि बहुतेक अर्ज येथेच अडतात. पूर्वज सैन्यात होता हे सिद्ध करणे त्या मानाने सोपे असते. त्याची मुलगी म्हणजेच केंटकीला जाऊन लग्न केलेली आपली खापरपणजीची आजी, हे सिद्ध करणे अवघड. जन्मदाखले नाहीत, जनगणनेत तिचे नाव नाही, लग्नानंतर आडनाव बदललेले. अशा वेळी मृत्यूपत्र हा सर्वांत भक्कम कागद. त्यात बाप मुलामुलींची नावे घेऊन वाटणी करतो आणि विवाहित मुलीला तिच्या नव्या आडनावाने संबोधतो. मात्र तिचे नाव ‘पॉली’ असे असेल तर ती ‘मेरी’च असते, ‘पॅट्सी’ ही मार्था आणि ‘नॅन्सी’ ही बहुधा अ‍ॅन असते, हे ठाऊक नसेल तर हाती आलेला कागद माणूस खाली ठेवून देतो. मृत्यूपत्र नसल्यास मालमत्तेच्या वाटपाचे आदेश, सर्व वारसांनी मिळून केलेले जमिनीचे खरेदीखत, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे बंधपत्र, विवाहाचे बंधपत्र आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवरील जन्म-मृत्यूंच्या नोंदी फार मोलाच्या असतात. मात्र त्यांच्याबरोबर बायबलच्या, छपाईचे साल असलेल्या शीर्षकपानाचीही प्रत लागते, कारण १८७० मध्ये छापलेल्या बायबलमध्ये १७८० सालचा जन्म लिहिलेला असेल, तर तो त्या वेळी लिहिलेला नाही हे तपासणाऱ्याला कळावे.

एकही कागद नाते स्पष्ट सांगत नसेल, तरी वाट बंद होत नाही. करांच्या याद्या, शेजाऱ्यांच्या नोंदी, जमिनींचे हस्तांतर अशा अनेक आडव्या पुराव्यांची संगती लावून युक्तिवाद मांडता येतो. हे काम हौशी माणसाने एकट्याने करू नये. राज्यस्तरावर अशा प्रकरणांना मदत करणाऱ्या सभासद असतात.

चौथी पायरी : सेवेचा पुरावा

युद्धखात्याचे जुने दप्तर नोव्हेंबर १८०० मध्ये जळाले, त्यामुळे सैनिकांच्या नोंदी विस्कळीत आहेत. पण पेन्शनच्या फाइली वाचल्या. राष्ट्रीय अभिलेखागारात क्रांतियुद्धाच्या पेन्शन आणि जमीन-इनामाच्या सुमारे ८०,००० फाइली आहेत आणि त्यांच्या प्रतिमा संगणकावर पाहता येतात. या संपूर्ण उद्योगात वाचायला सर्वांत आनंद देणारे कागद हेच.

७ जून १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या प्रत्येकाला, गरिबी सिद्ध न करता, पेन्शन मिळू लागली. तोवर सैनिक सत्तरी-ऐंशीला टेकले होते आणि बहुतेकांकडे कागद नव्हता. म्हणून त्यांनी काउंटीच्या न्यायालयात शपथेवर आपली हकीकत सांगायची. प्रश्न ठरलेले होते. जन्म कोठे व केव्हा झाला, वयाची नोंद कोठे आहे, सैन्यात गेलात तेव्हा कोठे राहत होता, स्वतःहून गेलात की पाळी लागली की कोणाच्या बदली गेलात, अधिकारी कोण होते, आणि तुमच्या शब्दाची ग्वाही देईल असा शेजारी कोण. न्यायालयाचा कारकून हे सारे लिहून घेई. म्हातारा मग सांगत असे, की कापणीच्या हंगामात आम्ही निघालो, अमुक नदी ओलांडली, कॅप्टनचे नाव आठवते पण कर्नलचे आठवत नाही. वंशावळीसाठी यातले सोने म्हणजे राहण्याची ठिकाणे. जन्मगाव, युद्धकाळातले गाव आणि नंतरची स्थलांतरे एकाच कागदावर मिळाल्याने, त्याच नावाचा शेजारच्या काउंटीतला दुसरा माणूस वेगळा काढता येतो.

फाइलीच्या क्रमांकाआधी अक्षर असते. ‘एस’ म्हणजे स्वतः सैनिकाची, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवेची आणि ‘आर’ म्हणजे नामंजूर. विधवेची फाइल मिळाली तर नशीब समजावे. १८३६ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांखाली तिला विवाह सिद्ध करावा लागे, त्यामुळे लग्नाची तारीख, मुलांची नावे आणि कधीकधी बायबलमधून फाडून जोडलेले मूळ पानसुद्धा आत असते. ‘आर’ पाहून हात टेकू नयेत. सहा महिने भरले नाहीत एवढ्याच कारणासाठी अनेक अर्ज फेटाळले गेले. माणूस मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यदलात, गेलाच नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही.

१८१८ पूर्वी वारलेल्यांची पेन्शन फाइल बहुधा नसते. त्यांच्यासाठी राज्यांच्या याद्या पाहाव्यात. व्हर्जिनियात सैन्याला दिलेल्या मालाचे दावे, मेरीलँडमध्ये १७७८ च्या निष्ठेच्या शपथा, पेनसिल्व्हेनियात पुरवठा-कराच्या याद्या. ओळखीचे नाव यादीत दिसले म्हणजे तो आपलाच माणूस, असे धरून चालू नये. तो त्या वर्षी त्याच गावी राहत होता हे जमिनीच्या किंवा कराच्या कागदाने दाखवावे लागते.

काय चालत नाही, हे थोडक्यात सांगतो. संगणकावर कोणीतरी टाकलेले वंशवृक्ष, आधार न देता छापलेली घराण्यांची पुस्तके आणि संस्थेने स्वतः पूर्वी छापलेले वंशग्रंथसुद्धा पुरावा ठरत नाहीत. थडग्याच्या दगडाचे छायाचित्र चालते, संकेतस्थळावर त्याखाली लिहिलेले चरित्र चालत नाही. डीएनए चाचणी एकटी काही सिद्ध करत नाही; चुलत नाती सापडायला तिचा उपयोग होतो, आणि त्या चुलत भावंडांकडे कदाचित ते बायबल असते.

पाचवी पायरी : अर्ज

अर्ज रजिस्ट्रारबरोबर बसून भरावा. सभासदत्व शाखेच्या निमंत्रणाने मिळते आणि अर्जाला शाखेतील दोन सभासदांची शिफारस लागते. बैठकींना जाऊन आलेल्या मुलीला त्या सहज मिळतात. कोणत्याच शाखेत जायचे नसेल तर थेट राष्ट्रीय संस्थेची सभासद होण्याचीही सोय आहे, पण मग मदतीला कोणी राहत नाही. शुल्क तीन ठिकाणी विभागलेले असते, राष्ट्रीय, राज्य आणि शाखा. ते अधूनमधून बदलते, म्हणून तिघांची बेरीज रजिस्ट्रारकडून लिहून घ्यावी.

मूळ कागद कधीही पाठवू नयेत, प्रतीच पाठवाव्यात. त्या परत मिळत नाहीत. रूढ पद्धत अशी, की प्रत्येक प्रतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिढीचा क्रमांक लिहायचा आणि संबंधित नाव, तारीख व ठिकाण यांखाली लाल रेघ मारायची. पुस्तकाच्या पानाबरोबर त्याचे शीर्षकपान जोडायचे. हा खटाटोप यांत्रिक वाटला तरी तपासनिसाच्या वेळेचा आणि पर्यायाने आपल्या प्रतीक्षेचा त्यावर परिणाम होतो.

वॉशिंग्टनमधील वंशतज्ज्ञ अर्ज तपासतात. पुरावा अपुरा वाटल्यास त्या नेमके काय कमी आहे ते पत्राने कळवतात, आणि अशा पत्राला नकार समजणे चूक आहे. पहिल्या अर्जात एखादा प्रश्न निघणे अगदी नेहमीचे आहे. उत्तर दिलेल्या मुदतीत आणि विचारलेल्या दुव्यापुरतेच द्यावे. जास्तीचे कागद घातल्याने नवे प्रश्न निर्माण होतात. पडताळणी पूर्ण झाली की अर्ज राष्ट्रीय कार्यकारी मंडळापुढे जातो आणि मंडळाच्या मंजुरीच्या दिवसापासून सभासदत्व सुरू होते. एकूण वेळ महिन्यांत मोजावा, आठवड्यांत नाही.

प्रवेश मिळाल्यावर दुसऱ्या पूर्वजांसाठी पुरवणी अर्ज करता येतात. आईची एक बाजू जुळली की तिच्या इतर बाजूही खुणावू लागतात आणि पुष्कळ सभासद वर्षानुवर्षे त्यातच रमतात. सभासदांच्या नवऱ्यांसाठी ‘होडार’ असे गमतीचे नाव प्रचारात आहे. झेंडे लावणे, खुर्च्या मांडणे, दफनभूमीतले गवत काढणे ही कामे त्यांच्याकडे येतात आणि त्यासाठी कोणत्याही पूर्वजाची गरज नसते. अठरा पूर्ण न झालेल्या मुलीसाठी १८९५ मध्ये स्थापन झालेली ‘चिल्ड्रेन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ आहे, जिच्यात जन्मापासून बाविसाव्या वर्षापर्यंत मुलगे आणि मुली दोन्ही घेतले जातात. मोठ्या भावाला ‘सन्स’कडे अर्ज करावा लागेल. पहिली पिढी वगळता त्याची साखळी बहिणीचीच असल्याने फाइलीतील प्रत्येक कागदाची एक प्रत त्याच्यासाठी तेव्हाच काढून ठेवावी.